दिव्याचा हात

पाटा आणायला गेले होते मी. वाडी विकली गेली, आता तिथं काय बांधायचं ते बांधोत, पण माझा पाटा नि वरवंटा तिथंच राहिलेला, आमच्या खोलीच्या मागं, भिंतीला टेकून. जावई म्हणाला, आई, घरात मिक्सर आहे, त्या दगडासाठी चिखले गावापर्यंत रिक्षा कशाला न्यायची. मी म्हटलं, न्यायची. मग त्यानं रिक्षा काढली. लेकीच्या गावावरून, आशागडवरून निघालो तेव्हा ऊन होतं. पोचलो तेव्हा उन्हं तिरपी झालेली.

खोली पडलीय. पत्रे कोणी नेले, दार कोणी नेलं. पुढची चिकूची झाडं सगळी कापली. बुंधे तेवढे जमिनीत, नि त्यांच्यावर चीक वाळून पांढरा झालेला. वास मात्र तोच. चिकूच्या चिकाला एक कच्चा, तोंडात तुरट येणारा वास असतो. माझ्या हाताला तो इतकी वर्षं होता की लेकीला पाजताना पण तोच वास, भाकरी थापताना पण तोच.

जावई मागं पाटा शोधत होता. मी ओट्यावर बसले. ओटा शाबूत आहे. नि ओट्यावरच्या चौकटी पण.

त्या चौकटी बावाजीनं ओढलेल्या. बावाजी म्हणजे वाडीचा मालक, इराणी माणूस. बायको लवकर गेली, मूलबाळ नाय, एकटाच. ओटा नवा केला तेव्हा सिमेंट ओलं होतं. गवंडी बिडी ओढायला गेला, नि बावाजी लेंगा वर खेचून बसला खिळा घेऊन. आडव्या रेघा, उभ्या रेघा. गवंडी परत आला नि कपाळाला हात लावला.

"शेठ, हे काय केलं?"

"अरे, आत्ता हा ओटा झाला. आधी नुसता सिमेंट होता."

एक सोडून एक घर मी गेरूनं भरायची, दर दिवाळीला. आता गेरू नाय. रेघा आहेत, नि रेघांत मुंग्या चालतात.

मी तलासरीकडची, डोंगरातल्या पाड्यावरची. आमच्याकडं भात थोडा, नागली जास्त, नि उन्हाळ्यात दोन्ही नाय. शाळेत मी भाताच्या पेजेपुरती गेले, ती बंद झाली तशी शाळा पण सुटली. लग्न झालं नि नवऱ्याबरोबर खाली उतरले, समुद्राच्या बाजूला, चिकूच्या वाडीत कामाला. शेवंतीचा बा, म्हणजे माझा नवरा, लखमा. तो झाडांना पाणी द्यायचा, राखण करायचा, जाळीच्या काठीनं चिकू उतरवायचा. मी चिकू धुवायची, निवडायची, खोक्यात भरायची. पहिला मुलगा त्याच खोलीत झाला नि एका पावसाळ्यात तापानं गेला. दुसरा जन्मताच गेला. मग शेवंती झाली, ती राहिली. ह्याच्यावर जास्त बोलून काय होतंय.

सासू आमच्याबरोबर खाली आली होती. तिनं घरात एकच गोष्ट कडक ठेवलेली. संध्याकाळी दिवा लागला की पुढ्यात जे असेल त्याला हात लावायचा, नि तो हात कपाळाला. सूप असेल तर सुपाला, कोयता असेल तर कोयत्याला, पोर असेल तर पोराच्या डोक्याला. सासू म्हणायची, अंधारात सगळं दुसऱ्याचं असतं. उजेडात जे पहिलं दिसलं ते देवानं परत दिलं, त्याच्या पाया पडा. आमच्या घरात रॉकेलची चिमणी गेली, बल्ब आला, पण हात तसाच जायचा. लाईट गेली नि आली तरी जायचा. विचारून नाय जायचा. डोळ्यात काय गेलं की पापणी मिटते ना, तसा.

बावाजीकडं पूर्वी घोलवडचा एक म्हातारा दोस्त यायचा बुद्धिबळ खेळायला. तो वारला. मग बावाजी एकटाच दोन्ही बाजूंनी खेळायचा. इकडून खेळला की उठून तिकडं जाऊन बसायचा, नि स्वतःलाच गुजरातीत शिव्या घालायचा. एक दिवस त्यानं ह्याला, माझ्या नवऱ्याला, हाक मारली. हा नळी धरून उभा होता.

"लखमा, नळी ठेव. बस इथं. तुला शिकवतो."

"मला नाय जमायचं, शेठ."

"नाय जमला तरी पगार तोच, जमला तरी पगार तोच. बस."

तसा बसला तो. पहिली काही वर्षं नुसता हरला. हरायचा, उठायचा, नि परत झाडांना पाणी द्यायला जायचा. मी ओट्याच्या खाली चिकू निवडत बसलेली असायची, मोठा इकडं, बारका तिकडं, नि कान वर. घोडा असा उडतो, उंट तिरका जातो, हत्ती सरळ. मला कोणी शिकवलं नाय. चिकू निवडता निवडता ते आपोआप आत गेलं.

बावाजीचं एक होतं. सोंगटीला हात लागला की ती चालवायचीच. हा कधी घोडा उचलायचा, नि चूक दिसली की परत ठेवायला बघायचा.

"ना. हात लागला एटले चालवायचा. तोंडातला घास काढून पाछो ताटात ठेवते काय कोणी?"

हा मुकाट्यानं चालवायचा, नि घोडा मरायचा.

पण एका संध्याकाळी काय झालं, डाव रंगलेला, ऊन गेलेलं, मी उठून ओट्यावरचा बल्ब लावला. नि ह्याचा हात गेला. पुढ्यात पट होता, हात राजाला लागला नि कपाळाला गेला. बावाजी लगेच म्हणाला, "हात लागला. राजा चालव." हा बघतच राहिला. त्याला कळलंच नव्हतं हात गेलेला. मग माझ्या सासूनं खोलीच्या दारातून सगळं सांगितलं, तिच्या भाषेत, सुपापासून पोरापर्यंत. बावाजीनं ऐकून घेतलं. चष्मा काढून लेंग्याला पुसला.

"बराबर. लखमा, दिव्याचा हात माफ. बाकी सगळा हात चालवायचा. दिव्याचा माफ."

तेव्हापासून तो नियमच झाला त्या ओट्यावर. दिवा लागला की हा राजाला हात लावायचा, नि बावाजी मान हलवायचा, देवळात दुसऱ्याची पूजा चालू असताना उभं राहतात तसं. पुढं पुढं तर बावाजी मलाच ओरडायचा, "लखमाच्या बाई, लाईट लाव, त्याला पाया पडायचे आहे, नाय तर डाव हरणार." तेव्हा माफ केलं नसतं तर सवय मोडली असती का, हे मी पुष्कळ वेळा मनात आणलंय.

कसले दिवस होते ते. थंडीत चिकूचा भर. सकाळी पानांवरून दव टपटप गळायचं, जसा पाऊस, नि वर आकाश कोरडं. वाडीत जळक्या पानांचा धूर खालीच बसून राहायचा. बावाजी कानटोपी घालून चहाची किटली घेऊन यायचा, पुदिना नि गवती चहा घातलेला. तो वास आला की आमी समजायचो, आता ह्याचं पाणी देणं राहिलं. पावसाळ्यात ओट्यावर ताडपत्री बांधायचो, तिच्यात पाण्याचं पोट साठायचं, नि मधेच बावाजी काठीनं ते वर ढकलायचा. धबाक्कन पाणी पडलं की समजायचं, डाव त्याच्या बाजूनं वाईट चाललाय. उन्हाळ्यात दोघं दुपारभर एक शब्द नाय बोलायचे. नुसता लाकडाचा आवाज, टक्. बऱ्याच वेळानं परत टक्. मी त्या आवाजावर झोपायची. शेवंती पण त्याच आवाजावर मोठी झाली. सोंगट्या जुन्या लाकडाच्या होत्या, हाताच्या तेलानं काळ्या पडलेल्या. एका काळ्या घोड्याचा कान तुटलेला. एक प्यादं हरवलं, त्याच्या जागी बावाजीनं बाटलीचं बूच ठेवलेलं, नि त्याला तो 'जमाई' म्हणायचा, कारण ते बाहेरून आलेलं.

ह्याला कायम काळ्या सोंगट्या. मालक पांढरा, हे कोणी ठरवलं नव्हतं, पण तसंच चालायचं. बावाजी पहिल्या खेळीपासून अंगावर यायचा. मग ह्यानं पण एक बचाव धरला, तो बावाजीनंच दाखवलेला. समोरच्यानं मधलं प्यादं ढकललं की आपण मधे नाय जायचं, बाजूचं, उंटापुढचं प्यादं दोन घरं ढकलायचं. राजाचा कोट नाय करायचा, म्हणजे त्याला हत्तीच्या आड कोपऱ्यात नाय न्यायचा, घरातच ठेवायचा, उघडा, नि वजीर, घोडे, प्यादी सगळी घेऊन पलीकडच्या बाजूनं घुसायचं. शहरातल्या क्लबात त्याला सिसिलियन की काय म्हणतात. बावाजी त्याला लवंगी मिरची म्हणायचा. मला बघताना वाटायचं, घराला कूड घालायच्या आधीच माणूस शिकारीला गेला, नि पोर आत एकटं. पण ह्याला तेच आवडायचं. एरवी मान वर करून बोलायचा नाय माणूस, नि पटावर असा.

बावाजी झोपेतच गेला. पुतण्या मुंबईवरून आला, वाईट नव्हता तो. आमाला म्हणाला, राहा तुमी, झाडं बघा, पुढचं पुढं. जाताना सोंगट्यांची पेटी घेऊन गेला, काकांची आठवण म्हणून. बरोबर आहे, त्याचीच होती.

मग हा गप झाला.

आधी पण बोलका नव्हता. पण ते गप वेगळं होतं. काम करायचा, जेवायचा, संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचा नि त्या चौकटी बघायचा. मी दगड, बुचं, चिकूच्या बिया गोळा केल्या, राजाला हळकुंड ठेवलं, नि म्हटलं, चल, मी खेळते. खेळला. दोन-चार दिवस खेळला. मग म्हणाला,

"डोसे, अगं म्हातारे, तुझ्याशी खेळणं म्हणजे विहिरीत वाकून आपलंच तोंड बघणं. तुला सगळं मीच केलेलं येतं."

"मग मी हरते ती काय मुद्दाम हरते?"

"तेच तर. मीच मला हरवतो."

मी शाळेच्या मास्तरांना विचारलं, त्यांना वेळ नव्हता. चिखल्याच्या दर्यावर जाळी विणत बसतात त्या लोकांना विचारलं, ते पत्ते खेळायचे. जावयानं फोनवर बुद्धिबळ घालून दिलं. ह्यानं थोडं खेळून फोन परत दिला. म्हणाला, समोर कोणी खोकत नाय ह्याच्यात. मी करून करून काय करणार. झाडाला वाळवी लागली तर औषध मारता येतं. माणूस आतून वाळत चालला तर बायको नुसती भाजीत तेल जास्त घालते.

चिकूचा टेम्पो चालवणारा भिका, त्यानं बातमी आणली. डहाणूत बुद्धिबळाचा क्लब आहे, त्यांची स्पर्धा आहे, कोणी पण नाव देऊ शकतं. क्लबाची खोली लहान, टेबलं थोडी, म्हणून स्पर्धेत जो वरच्या नंबरात येईल त्याला दर रविवारी बसायला जागा देतात, वर्षभर. भिका म्हणाला, "लखमादादा, बक्षीस जाऊ दे, तुला खेळायला माणसं मिळतील." हा खोकी टेम्पोत चढवत राहिला. पण त्या रात्री त्यानं हळकुंडाचा राजा परत मांडला. मी बल्ब बंद केला नाय.

मला बक्षिसाचं काय नव्हतं. मला ती रविवारची खुर्ची पाहिजे होती. एक टेबल, नि पलीकडं खोकणारा कोणीतरी.

स्पर्धा एका लग्नाच्या हॉलात होती. स्टेजवर कोणाच्या तरी लग्नाची थर्माकोलची नावं अजून लटकत होती, नि फिनेलच्या वासात मागच्या लग्नाच्या फुलांचा वास. टेबलाला टेबल लावलेलं, घड्याळं ठेवलेली. बहुतेक पोरं, काही बँकेतले, दुकानातले, एक-दोन म्हातारे, पण ते बूट घातलेले. हा धुतलेला सदरा घालून, चपला टेबलाखाली काढून बसला. मी भिंतीकडच्या बाकावर. पंच होते एक, उंच, गळ्यात शिट्टी कशाला ती कळली नाय. ते माझ्याकडं आले.

"आजी, तुम्ही कोणाबरोबर?"

"तो कोपऱ्यातला. मालक माझा."

"बसा. पण बोलायचं नाही हां. खूण नाही, खोकला नाही."

"खोकला आला तर?"

"बाहेर जाऊन खोका."

दोन दिवस चालली स्पर्धा. काही डाव जिंकला, काही हरला, एक बरोबरीत सुटला. शेवटचा डाव दुसऱ्या दिवशी दुपारनंतर होता. भिकानं फळ्यावरून बघून सांगितलं, हा जिंकला तर जागा, नाय तर नाय. बरोबरी पण पुरायची नाय.

समोर बँकेतला एक साहेब बसला होता. तरुण, चष्मा, रुमालानं सारखा मान पुसायचा. त्यानं मधलं प्यादं ढकललं. ह्यानं उंटापुढचं ढकललं. मी बाकाची कड धरली. लवंगी मिरची.

साहेब पण कच्चा नव्हता. त्यानं आपल्या राजाचा कोट दुसऱ्या बाजूला केला, नि ह्या बाजूनं प्यादी सोडली. हा तिकडून, तो इकडून. दोघं एकमेकाच्या घराला आग लावायला पळताहेत, नि कोण आधी पोचतो एवढंच. ह्याचा राजा तिथंच, मधे, उघडा. राजाच्या बाजूचा उंट अजून घरातून निघाला नव्हता, म्हणून कोट पण करता येत नव्हता. समोर त्याच्याच ओळीत साहेबाचा हत्ती येऊन उभा. मधे एक प्यादं, बस. पोर आत एकटं. पण मी बघत होते, नि मला दिसलं.

ह्याचा घोडा. एका उडीत तो अशा घरावर बसत होता की तिथून साहेबाच्या राजाला शह, नि वजीर पण त्याच्याच मारात. राजा वाचवायचा तर वजीर जाणार. मला दिसलं, नि ह्याला पण दिसलेलं होतं. ते मला त्याच्या मानेवरून कळलं. बावाजीला हरवायच्या आधी त्याची मान अशीच थोडी खाली जायची. खेळी ह्याचीच होती. हात वर आला, घोड्यावर गेला, अजून टेकला नव्हता.

नि लाईट गेली.

बाहेर पण संध्याकाळ झालेली, हॉलात एकदम काळोख. पोरं ओरडली. पंच म्हणाले, सगळ्यांनी घड्याळं थांबवा, हात पटावरून काढा. कोणी फोनची बॅटरी लावली. मी अंधारात बसले नि मला सगळं कळत होतं, पुढं काय होणार ते. लाईट येणार. मी उठले पण. दोन पावलं गेले पण असेन. हाक मारायची होती, नुसतं 'ओ' म्हणायचं होतं. पण बोलायचं नाय म्हणून सांगितलेलं. बोलले नि डाव बाद केला तर? मी तिथंच उभी राहिले, तोंड मिटून.

लाईट आली.

सगळ्या हॉलात लोकांनी डोळे चोळले. ह्याचा हात गेला. राजाला लागला, नि कपाळाला.

"टच," साहेब म्हणाला. हळूच. तोंडातून निघून गेलं त्याच्या, हरत होता बिचारा. मग त्यानं बघितलं, हात अजून कपाळाला आहे, नि त्याचा चेहरा पडला.

पंच आले. शेजारच्या टेबलावरचे उठून बघायला लागले. मी तेव्हा बोलले. काय व्हायचं ते होऊ दे म्हटलं. सांगितलं, साहेब, आमच्या घरात दिवा आला की पुढ्यातल्या वस्तूच्या पाया पडतात, त्याला चालवायचा नव्हता राजा. पंचांनी मला ओरडलं नाय. म्हणाले, "समजलं, आजी. घड्याळं बंदच होती. मी हे धरत नाही. काका, तुम्ही तुमची पाहिजे ती चाल करा."

"हो काका," साहेब म्हणाला, "माझं चुकलं. राहू द्या ते. खेळा तुम्ही."

सगळे थांबले होते. एवढंच होतं. हात उचलायचा नि घोडा खेळायचा. कोणी नको म्हणत नव्हतं.

हा पटाकडं बघत होता. मग पंचांना म्हणाला, "हात लागला."

"अहो काका, ते चालतं. मी सांगतोय ना."

"हात तर लागला."

नि त्यानं राजा उचलला. राजाला जायला थोडीच घरं होती, नि सगळी वाईट. त्यानं त्यातल्या त्यात एक घर घेतलं. टक्. घड्याळाचं बटण दाबलं.

साहेबानं रुमालानं मान पुसली. त्याला पण वाईट वाटलं असेल. पण डाव म्हणजे डाव. त्यानं वजीर बाजूला घेतला. घोड्याची उडी वाया गेली. मग मधलं प्यादं फुटलं, हत्ती आत आला. ह्याचा राजा एकेक घर चालत राहिला, पटाच्या मधोमध, ज्याच्या त्याच्या दारात. शह, नि एक घर पुढं. शह, नि एक घर मागं. मी बाकावर परत बसले होते. मला पुढचं सगळं दिसत होतं. शिकलेच नसते तर बरं झालं असतं, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. नुसती बसले असते, मालक खेळतोय एवढंच बघितलं असतं.

शेवटी ह्यानं राजा हातानं आडवा केला. हळू, झोपलेलं पोर खाली ठेवतात तसा. साहेबाशी हात मिळवला, नि वाकून चपला शोधायला लागला.

साहेब दारापर्यंत आला. "काका, रविवारी या ना. जागा नसली तरी बघायला बसा. मी असतो."

"बघू," हा म्हणाला.

एसटीत खिडकीकडं तो बसला. चिखल्याच्या अलीकडं बोंबील वाळत घातलेले, त्यांचा वास आत आला, नि खारा वारा. मी म्हटलं,

"माफ होतं की ते. दिव्याचा हात."

"बावाजीनं केलेलं. त्याच्या ओट्यावर."

"ह्या लोकांनी पण केलं."

"बावाजीला माहीत होतं मी कोण आहे ते." तो म्हणाला, "ह्यांनी गरीब म्हातारा म्हणून केलं. ते घेऊन खेळलो असतो, तर दर रविवारी तेच घ्यायला लागलं असतं."

गाडी थांबली, माणसं उतरली, चढली. मग त्यानं विचारलं,

"घोडा दिसला होता तुला?"

"दिसला होता."

"वजीर नि राजा?"

"दोन्ही."

"मग झालं," तो म्हणाला, नि खिडकीच्या बाहेर बघायला लागला.

रविवारी तो गेला नाय. त्याच्या पुढच्या पण नाय. मी धुतलेला सदरा खुंटीला टांगून ठेवायची, नि संध्याकाळी परत घडी करायची. साहेब एकदा वाडीत आला होता चिकू घ्यायला म्हणून, बरोबर प्लास्टिकच्या सोंगट्या घेऊन. हा नेमका चिकू उतरवायला झाडावर होता. उतरलाच नाय. वरून म्हणाला, काम आहे. साहेबानं दोन किलो चिकू घेतले, ते पण कच्चे, नि गेला. सोंगट्या माझ्याकडं ठेवून गेला. ह्यानं त्या कधी उघडल्या नायत. मी पण म्हटलं नाय. कोणाला किती ओढायचं.

पुढच्या चिकूच्या भरात हा गेला. फार आजारी पण नव्हता. दुपारी ओट्यावर आडवा झाला, मी खाली चिकू निवडत होते. मोठा इकडं, बारका तिकडं. मला वाटलं झोपलाय. किती वेळ मी अशीच निवडत बसले.

मग शेवंती मला आशागडला घेऊन गेली. तिथं बरं आहे. नातवंडं फोनवर काय काय खेळतात. मला बोलावतात, आजी बघ. मी बघते.

आज जावयाला पाटा सापडला. वरवंटा नाय सापडला. कोणी नेला असेल, नाय तर मातीत गेला असेल. तो म्हणाला, आई, वरवंट्याशिवाय पाट्याचं काय करायचं. मी म्हटलं, ठेव रिक्षात. तो ठेवायला गेला. अंधारायला लागलं होतं. वाडीच्या फाटकाशी नवा राखणदार आलाय, परका माणूस, त्याची खोली पत्र्याची. त्यानं आतून बटण दाबलं, नि खांबावर मोठा पांढरा दिवा लागला. सगळा उजेड ओट्यावर पडला, बुंध्यांवर पडला.

माझा हात गेला. मधल्या ओळीत, काळ्याच्या बाजूला, राजा बसतो त्या घरावर. तिथली सिमेंटची जागा अजून ऊन होती, दिवसभर तापलेली. हात कपाळाला लागला तेव्हा समजलं.

हात लागला होता. मी वाकून बघितलं, घरात मुंग्या होत्या, नि थोडी माती. चालवायला काय नव्हतं.

जावयानं हॉर्न वाजवला. मी पदर झाडून उठले.